फुकट चित्रे आणि बेवारस स्मृती

महाविद्यालयीन तरुणांमध्ये गेल्या काही वर्षांत एका जुन्या वस्तूची नव्याने आवड निर्माण झाली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय घरांत मोठ्या हौसेने घेतला गेलेला, खिशात मावणारा, रोखला की कळ दाबायची एवढेच ज्ञान मागणारा छोटा डिजिटल कॅमेरा कपाटांच्या खणांतून पुन्हा बाहेर पडू लागला आहे. ज्यांच्या घरी तो नाही ते तरुण जुन्या मालाच्या बाजारात त्याचा शोध घेतात. मोबाइलवर याहून चांगले छायाचित्र निघत असताना ही उलटी गंगा का, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात आणि बहुधा ‘फॅशन’ या एका शब्दात त्याचे उत्तरही देऊन टाकतात. फॅशनचा भाग त्यात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या निमित्ताने एक अधिक गंभीर प्रश्न उपस्थित होतो आणि पनवेलसारख्या गावाला तर तो टाळताच येणार नाही. या कॅमेऱ्यांनी त्यांच्या भरभराटीच्या काळात जी असंख्य चित्रे टिपली, ती आज आहेत कोठे?

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. छायाचित्रणाची विद्या मुंबई इलाख्यात फार लवकर आली. १८५४ सालीच मुंबईत छायाचित्रणाच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली होती. पण विद्या येणे वेगळे आणि तिचे साधन सामान्य माणसाच्या हाती पडणे वेगळे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात आयातीवरील निर्बंध व भारी जकात यांमुळे परदेशी कॅमेरा ही परदेशस्थ नातेवाइकांनी आणावयाची वस्तू होती. देशात तयार होणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फा क्लिक-३ पुष्कळांना आठवत असेल. त्याच्या एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. फिल्मच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा म्हणून १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याची ‘इंदू’ नावाची फिल्म बाजारात आली. तरीही रोल घेणे, तो धुवून आणणे आणि त्याच्या प्रती काढणे हे तिन्ही खर्च शिक्षक किंवा कारकून यांच्या पगाराला जाणवण्याइतके होतेच.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर प्रत्येक चित्राला सीमांत खर्च होता. बारा किंवा छत्तीस चित्रांतील प्रत्येक चित्र खर्चून घ्यावे लागे. म्हणून माणूस आधी विचार करी. आजी खुर्चीवर बसली आहे, मुले तिच्या पायाशी आहेत, ऊन पाठीमागून येत नाही, एवढे पाहिल्यावरच कळ दाबली जाई. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जतन करण्याचे काम या व्यवस्थेत आपोआप होत असे. धुलाईवाल्याकडून कागदी प्रती येत, निगेटिव्हचे पाकीट येई, आणि ते पाकीट कोणी काही न करता कपाटात तीस-चाळीस वर्षे पडून राहत असे. ते नाहीसे करायला मुद्दाम काही करावे लागे. टिकवायला फारसे काही करावे लागत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने हे गणित पूर्णपणे उलटे केले. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो टिपणाऱ्या चिपची कल्पना मांडली. तिच्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते, चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. फिल्म विकून जगणाऱ्या त्या कंपनीला आपल्याच घरात जन्मलेल्या या अपत्याचे पुरते स्वागत करता आले नाही. २०१२ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

भारतापुरते बोलायचे तर एक धोरणात्मक निर्णय येथे निर्णायक ठरला. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात भारत १९९७ साली सामील झाला. ज्या वस्तूंवरील आयातशुल्क क्रमाने शून्यावर आणावयाचे होते, त्यांच्या यादीत स्थिरचित्रांचा डिजिटल कॅमेराही होता. दोन पिढ्या ज्या वस्तूकडे केवळ दुकानाच्या काचेतून पाहत आल्या, ती या शतकाच्या पहिल्या दशकात प्राध्यापक, बँक कर्मचारी, एस. टी. तील कंडक्टर यांच्या घरी दिसू लागली. सणासुदीला हप्त्यावर कॅमेरा घ्यावा, दोन पेन्सिल सेल घालावेत, आणि गणपतीपासून शिमग्यापर्यंत कशाचेही कितीही फोटो काढावेत, असे ते दिवस होते. सीमांत खर्च शून्यावर आला होता.

या वस्तूचे वैभव अल्पजीवी ठरले. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांतील दहा कोटींहून अधिक हे असे छोटे, लेन्स न बदलता येणारे कॅमेरे होते. २०२३ साली सर्व प्रकारचे मिळून हाच आकडा ऐंशी लाखांच्या आत आला आणि छोट्या कॅमेऱ्यांचा वाटा वीस लाखांनाही पोचला नाही. मोबाइलने ही बाजारपेठ गिळली. घरातील कॅमेरा चार्जरसह एका खणात गेला, आणि त्याचबरोबर त्याच्या कार्डावरील चित्रेही गेली.

येथेच खरी हानी सुरू होते. चित्र काढण्याचा खर्च शून्य झाला, परंतु चित्र टिकवण्याचा खर्च शून्य झालेला नाही. तो केवळ दुकानदाराच्या बिलातून निघून मालकाच्या कष्टांत शिरला. मेमरी कार्डातील चित्र म्हणजे सूक्ष्म कोशांत साठवलेला विद्युतभार; वर्षानुवर्षे न वापरलेल्या कार्डात तो झिरपून जाऊ शकतो. घरच्या संगणकावर भरलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर उष्ण व दमट हवेत खराब होतो, आणि कोकणपट्टीची हवा कशी असते ते येथील वाचकांना सांगायला नको. काही कॅमेऱ्यांची कार्डे तर अशा घाटाची होती की, ती वाचणारे उपकरण आज सहजी मिळत नाही. २००२ साली आलेले एक्सडी कार्ड हे त्याचे ठळक उदाहरण होय. निगेटिव्हच्या बाबतीत दुर्लक्ष केले तरी ते टिकत असे. डिजिटल चित्राच्या बाबतीत दुर्लक्ष केले की ते नष्ट होते. शिवाय जे विपुल आणि फुकट असते त्याची निगा राखण्याची बुद्धी माणसाला होत नाही. एकाच वाढदिवसाची दोनशे चित्रे असली की त्यांतील एकाचेही नाव-गाव कोणी लिहून ठेवत नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम वर्गात शिकवताना आंब्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. ते उदाहरण आता बदलायला हरकत नाही.

एखाद्या स्थिर, संथ गावात ही हानी कौटुंबिक म्हणून सोडून देता आली असती. पनवेलला ती सवलत नाही. ज्या सुमारे दहा वर्षांत हा कॅमेरा घरोघर होता, नेमक्या त्याच वर्षांत या तालुक्याच्या भूगोलाची फेरआखणी ठरत होती. नवी मुंबई विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७ साली मंजुरी दिली, २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरणविषयक परवानगी मिळाली, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी कोनशिला बसली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. या सुमारे ११६० हेक्टरांच्या प्रकल्पासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे अशा दहा गावांतील व पाड्यांतील सुमारे तीन हजार कुटुंबांना आपली घरे सोडून अन्यत्र वसावे लागले. १८५२ साली स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. खाडीकाठची भातखाचरे, मिठागरे, तिवरांच्या रांगा यांचे चित्र एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदलले.

प्रकल्प व्हावा की न व्हावा, हा या लेखाचा विषय नाही. तो वाद झाला, निर्णय झाला, विमानतळ उभा राहिला. प्रश्न असा की, जे होते त्याची नोंद कोणापाशी आहे? नकाशे आहेत, मोजणीचे कागद आहेत, उपग्रहाने घेतलेली चित्रे आहेत. ही सारी नोंद वरून पाहणाऱ्याची आहे. अंगणातून पाहणाऱ्याची नोंद त्या छोट्या कॅमेऱ्यांत आहे. मुलीच्या हळदीचा फोटो काढला तेव्हा मागे टेकडी होती. जत्रेतल्या पालखीचा फोटो काढला तेव्हा कडेला देऊळ आणि विहीर होती. नव्या होडीची पूजा करताना खाडीचे पाणी कोठवर येत होते तेही त्यात आले. फोटो काढणाऱ्याला टेकडीचा फोटो काढायचा नव्हता. ती तेथे आहेच, कायमचीच आहे, असे त्याने गृहीत धरले होते. म्हणूनच त्याची साक्ष अधिक विश्वसनीय आहे. हेतू नसताना दिलेली साक्ष ती.

या ठिकाणी एका तुलनेचा मोह आवरत नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे जे आंदोलन झाले आणि ज्यात पाच जण हुतात्मे झाले, त्या काळी गावकऱ्याच्या हाती कॅमेरा असणे हा अपवाद होता. त्या पिढीचा इतिहास सांगायचा तर वृत्तपत्रे, सरकारी कागद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांवरच विसंबावे लागते. पुढच्या पिढीच्या हाती कॅमेरा आला. तिने पाहिले ते टिपूनही ठेवले. आता केवळ निगेअभावी ही पिढीसुद्धा आधीच्या पिढीइतकीच निर्धन ठरणार असेल, तर त्याचा दोष दारिद्र्याला देता येणार नाही.

यात केवळ भावनेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कायद्याच्या बाजूकडेही पाहावे. घर कोठे होते, केवढे होते, झाड फळते होते की नाही, बांध कोणी फोडला, पुराचे पाणी भिंतीवर कोठवर चढले, या गोष्टींच्या वादांत छायाचित्राने सात-बाराची जागा घेतली जात नाही हे खरे. परंतु इतर पुराव्याला ते बळ देते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात यासंबंधीचा नियम स्पष्ट केला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल सादर करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य; मात्र ज्या उपकरणात मूळ नोंद प्रथम साठवली गेली, ते उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही. हा निकाल जुन्या पुरावा कायद्याखालचा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची तरतूद कलम ६३ मध्ये आहेच. तात्पर्य, मूळ फाइल आणि तिची मालकी यांना मोल आहे. संदेशांच्या ॲपवरून दहा जणांकडून फिरून आलेले चित्र आकसलेले असते आणि ते केव्हा व कोणत्या यंत्राने घेतले ही त्याच्या पोटातील माहितीही बहुधा गळून पडलेली असते.

या माहितीतही एक मेख आहे. छोट्या कॅमेऱ्यात तारीख मालकाने लावावी लागते. सेल बराच काळ काढून ठेवले की आतले घड्याळ थांबते आणि कॅमेरा पुन्हा कारखान्याच्या पहिल्या तारखेवर जातो. त्यामुळे अशा संग्रहांत वर्षभराचे सण, लग्ने आणि बारशी सारी एकाच एक जानेवारीला झालेली आढळतात. ही चूक दुरुस्त करता येते. पण ती दुरुस्त करू शकणारी माणसे, म्हणजे ज्यांना ‘हे लग्न अमक्या वर्षीचे’ असे पाहताक्षणी सांगता येते ती माणसे, आज साठी-सत्तरीत आहेत.

आता आक्षेपाकडे वळू. मोबाइल असताना वेगळा कॅमेरा बाळगण्याचा अट्टहास कशाला, असे विचारले जाते. चित्राच्या गुणवत्तेचाच मुद्दा असेल तर आक्षेप बराचसा योग्य आहे. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारी चिप सुमारे सहा मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद असते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीच्या ती सुमारे तिसावा हिस्सा भरते. अंधुक उजेडात तिचे चित्र दाणेदार येते, आणि आजचा मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून गणिताच्या बळावर तिच्यावर मात करतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात दूरच्या फांदीवरील पक्षी टिपायचा असेल तर सरकणाऱ्या भिंगांचा खरा झूम अजूनही उपयोगी पडतो, एवढेच कॅमेऱ्याच्या बाजूने म्हणता येईल.

परंतु उपयोगिता केवळ चित्राच्या स्वच्छतेत नसते. मोबाइलवरील चित्र पुष्कळदा आपल्या ताब्यात असते ते भाडेकरूच्या नात्याने. ते दूरच्या कोणत्या तरी संगणकावर जाते, फुकट दिलेली जागा भरली की दरमहा पैसे मागितले जातात, आणि पैसे थांबले किंवा सांकेतिक शब्द विसरला की घरमालक दार उघडत नाही. कॅमेऱ्याचे कार्ड मात्र निखळ मालकीचे असते. दुसरे असे की, कॅमेरा एकच काम करतो. तो हातात असताना संदेश येत नाहीत, जाहिरात दिसत नाही. विद्यार्थी त्याकडे वळत असतील तर त्यामागे ही विश्रांतीची ओढ असावी असे मला वाटते, आणि तिची थट्टा करण्याऐवजी तिला वळण देणे हे शिक्षकांचे काम आहे. घरात पडून असलेला कॅमेरा पुन्हा वापरात आणणे हे इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या दृष्टीनेही हितावह आहे. मात्र केवळ जुनेपणाच्या आकर्षणापोटी चढ्या भावाने दुसऱ्याचा कॅमेरा विकत घेणे आणि आपल्याच घरातील कार्डे धूळ खात ठेवणे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

मग करावयाचे काय? घरोघरी करण्यासारखे काम फार नाही. खणातील कॅमेरे व कार्डे बाहेर काढावीत. काही पुसण्यापूर्वी त्यांतील सर्व फाइली जशाच्या तशा संगणकावर उतरवाव्यात आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. शंभरातून दहा चित्रे निवडून त्यांतील माणसे, जागा आणि अदमासे वर्ष लिहावे. लिहिताना घरातील वृद्धांना शेजारी बसवावे. निवडक चित्रांच्या कागदी प्रती काढाव्यात, कारण कागद वाचायला यंत्र लागत नाही.

एवढ्याने भागणार नाही. एका घराला आपल्या फोटोतील मागच्या टेकडीचे महत्त्व वाटेलच असे नाही. ते महत्त्व साऱ्या गावाचे आहे. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि कष्ट एकट्याला, ती वस्तू बाजार पुरेशी निर्माण करत नाही, हा आमच्या शास्त्राचा प्राथमिक धडा आहे. रस्त्यावरील दिव्याप्रमाणे गावाचा चित्रसंग्रह ही सार्वजनिक वस्तू आहे आणि तिची जबाबदारी सार्वजनिक संस्थांनीच उचलली पाहिजे. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत, महानगरपालिका आहे, आणि ज्या सिडकोने १९७० पासून या भूमीचे नियोजन केले तीही आहे. विद्यार्थ्यांनी पुनर्वसित वस्त्यांत जाऊन कार्डे उतरवून घ्यावीत व माहिती लिहून घ्यावी. ग्रंथालयाने संग्रह सांभाळावा. महानगरपालिकेने साठवणुकीचा व सूचीचा खर्च करावा. एका चौकाच्या सुशोभीकरणावर होतो तेवढा खर्चसुद्धा यास पुरेल.

यात एक पथ्य पाळावे लागेल. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो; तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. घरगुती चित्रांत स्त्रिया व मुले असतात. ज्यांनी जमीन आधीच दिली आहे, त्यांच्याकडून आता चित्रेही विनासंमती घेतली जाऊ नयेत. मूळ चित्र घरीच राहावे, नक्कल संग्रहात यावी, आणि कोणते चित्र लोकांसमोर ठेवायचे हे त्या कुटुंबाने ठरवावे.

हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. विमानतळाची पुढची बांधकामे व्हायची ती होतील. त्यांच्या नोंदी ठेवायला अनेक कचेऱ्या आहेत. मोडलेल्या गावांची नोंद मात्र करंजाडे, वडघर आणि उलव्याच्या नव्या घरांतील कपाटांत, सेल गंजलेल्या कॅमेऱ्यांत पडून आहे, आणि ती वाचून दाखवणाऱ्यांचे वय दरवर्षी वाढते आहे. येत्या उन्हाळी सुटीत पनवेलच्या चार-दोन महाविद्यालयांनी हे काम अंगावर घेतले, तर निदान काही कपाटे पावसाळ्याआधी उघडतील.